डिस्ने वर्ल्ड, सोबत सासू-सासरे आणि दोन मुलं: जेवणाचं कसं जमवायचं?

दहीबुत्ती
जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाच रात्रींसाठी फ्लोरिडाला डिस्ने वर्ल्डला जातोय. तिकिटं झाली, तिथल्याच एका रिसॉर्टमध्ये खोल्या झाल्या. राइड्सचं खातं नवऱ्याकडे, त्याने एक्सेल शीट केलीय, रंगीबेरंगी. जेवणाचं खातं माझ्या गळ्यात पडलंय आणि गेले तीन दिवस मी नुसती मेन्यू वाचतेय. आता स्वप्नातही मेन्यू दिसतात.

मंडळी अशी: आम्ही दोघं, सासू-सासरे (दोघंही सत्तरीचे), लेक आणि अडीच वर्षांचा धाकटा. लेक निघायच्या चार दिवस आधी दहा पूर्ण करतेय. सासूबाई पक्क्या शाकाहारी, अंडंसुद्धा चालत नाही. सासऱ्यांना मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत, साडेबारापर्यंत पोटात काही गेलं नाही तर त्यांचे हात थरथरायला लागतात. धाकटा दोन वाजता झोपतो. म्हणजे झोपला तर. लेक पास्ता, चीज आणि फ्राइज खाते. यादी संपली.

रोज बसून जेवायच्या जागा धरून ठेवायच्या का? की काउंटरवरून घ्यायचं आणि चालू पडायचं? मिकीबिकीसोबतच्या जेवणांचं लेकीने डोकं खाल्लंय, ते घेण्यासारखं असतं का? बुकिंग उघडायला अजून बारा दिवस आहेत. जाऊन आलेल्यांनी कृपया लिहा.

भटकभवानी
दहीबुत्ती, आधी ते मेन्यू बंद कर. मी चारदा जाऊन आलेय, त्यात दोनदा आईबाबांना घेऊन. पहिल्या खेपेला तुझ्यासारखीच पदार्थ बघून टेबलं धरली आणि फसले.

जूनमध्ये तिथली दुपार कशी असते ते डोळ्यांसमोर आण. ऊन असं की स्ट्रोलरच्या दांड्याचा हाताला चटका बसतो. हवा चिकट. आणि बऱ्याच दिवशी दुपारनंतर आभाळ भरून येतं, कडाडतं आणि धो धो कोसळतं. विजा जवळ आल्या की उघड्यावरच्या राइड्स बंद करतात. मग हजारो माणसं एकदम छप्पर शोधायला लागतात. त्या वेळी तुमच्या नावाचं टेबल असलं पाहिजे. तू धरतेयस त्या सहा खुर्च्या, एसी आणि सासऱ्यांना दीड तास बूट सैल करून बसायची सोय. जेवण काय, त्याच्या मागोमाग येतंच.

त्यामुळे दिवसाला एकच बसून जेवण, तेही दुपारचं. रात्रीचं कशाला? रात्री सगळे इतके दमलेले असतात की धाकटा ताटात डोकं ठेवून झोपतो आणि बिल तेवढंच येतं. साडेबाराचा नियम आहे तर टेबल बाराचं धर, सव्वाबाराचं नको. नावनोंदणी, बसणं, ऑर्डर, यात ताट पुढ्यात यायला अर्धा-पाऊण तास सहज जातो. आणि तरीही सासऱ्यांच्या खिशात काहीतरी खायचं असू दे, टेबलाच्या भरवशावर राहू नका.

आता बुकिंगची गंमत. साठ दिवस आधी पहाटे सहाच्या सुमारास (पूर्वेकडच्या वेळेने) ते ॲपवर आणि साइटवर उघडतं. रिसॉर्टमध्ये राहणाऱ्यांना पोचायच्या तारखेपासून साठ दिवस मोजून पुढच्या १० दिवसांपर्यंतचं एकदम धरता येतं. बाहेर राहणाऱ्याला मात्र एकेक दिवस थांबत करावं लागतं. म्हणजे तुझ्या चौथ्या-पाचव्या दिवसाचं टेबल तू बाहेरच्यांच्या तीन-चार दिवस आधी धरू शकतेस. जे सगळ्यांत अवघड ते त्या दिवसांवर टाक. पहिल्या दिवशी जे मिळेल ते.

धरलेलं टेबल बहुतेक ठिकाणी दोन तास आधीपर्यंत रद्द करता येतं. न कळवता गेलो नाही तर माणशी १० डॉलर. लोक भरमसाट धरून ठेवतात आणि आदल्या रात्री सोडतात, त्यामुळे हवं ते मिळालं नाही तर तेव्हा ॲप उघडून बघायचं. मला दोनदा असंच मिळालंय, एकदा तर बसमध्ये उभी असताना.

उभ्याउभ्या
थोडा वेगळा सूर लावतो, हलकेच घ्या. एवढे पैसे मोजून आत गेल्यावर दीड तास जेवायला? त्या दीड तासात दोन राइड होतात. आम्ही तीन दिवसांत एकदाही टेबल धरलं नाही.

ॲपवर सकाळी नाश्ता करतानाच दुपारची ऑर्डर टाकायची, बाराचा कप्पा (म्हणजे जेवण घ्यायची वेळ) निवडायचा. जागेवर पोचलो की 'आलोय, बनवा' अशा अर्थाचं बटण दाबायचं. ते दाबल्याशिवाय बनवायला घेत नाहीत, त्यामुळे पाच-दहा मिनिटं पुढंमागं झाली तरी गार अन्न मिळत नाही. काउंटरची रांग वाचते. फक्त हे अकरा वाजता सुचलं तर बाराचे कप्पे गेलेले असतात.

एक माणूस जेवण आणतो, बाकीचे जागा पकडतात. मॅजिक किंगडम या पार्कात कोलंबिया हार्बर हाउस या काउंटरच्या जागेला वरचा मजला आहे, फार जणांना तो ध्यानातच येत नाही. खाली गोंधळ असतो तेव्हा वर शांतता. अॅनिमल किंगडममध्ये सातुली कँटीनला भाताचे, टोफूचे बाउल मिळतात, तिथे काउंटरचं असूनही नीट जेवल्यासारखं वाटतं. ती कँटीन आहे तो पँडोरा नावाचा भाग २०१७ मध्ये उघडला आणि ही ऑर्डर टाकायची सोय पहिल्यांदा तिथेच सुरू झाली.

भटकभवानी
@उभ्याउभ्या, तुमच्यासोबत कोण होतं?

उभ्याउभ्या
मी आणि कॉलेजचे तीन मित्र. 😅

भटकभवानी
बरं.

गणितवाला
पैशाचं मी सांगतो, ते कोणी सांगत नाही.

तुमच्या लेकीचा वाढदिवस पंधरा दिवस उशिरा असता तर बरं झालं असतं. तिथे जेवणात ३ ते ९ वर्षं म्हणजे लहान मूल, १० पासून पुढे मोठं माणूस. बुफे आणि पात्रांसोबतची जेवणं एकाच ठरलेल्या दराची असतात, म्हणजे पास्ता आणि फ्राइज खाणाऱ्या मुलीचे तुम्ही मोठ्या माणसाचे पैसे देणार. उलट अडीच वर्षांच्याचे काही नाहीत, बुफेत तो फुकट जेवतो. म्हणून बुफे लेकीसाठी महाग आणि धाकट्यासाठी फायद्याचा. मात्र बुकिंग करताना त्याला मोजायला विसरू नका, खुर्ची लागतेच.

दुसरं, तुम्ही सहा जण आहात. सहा किंवा जास्त माणसांच्या टेबलाला १८ टक्के टिप बिलातच लावतात. ती बघायची, म्हणजे वर परत टिप लिहिली जात नाही (माझ्या मेव्हण्याने लिहिली होती). विक्रीकर ऑरेंज काउंटीत साडेसहा टक्के. मेन्यूवर २०० डॉलरचं जेवण दिसलं तर १३ कराचे, ३६ टिपेचे, एकूण २४९. डोक्यात कायम पाव पट वाढवून धरा.

डायनिंग प्लॅन, म्हणजे जेवणांचे पैसे आधीच भरायची योजना, २०२४ च्या जानेवारीत परत आलाय. त्यात राहण्याच्या प्रत्येक रात्रीमागे जेवणं मिळतात. खोलीतल्या तीन वर्षांवरच्या सगळ्यांना तोच प्लॅन घ्यावा लागतो, टिप त्यात नसते, आणि उरलेलं निघायच्या दिवशी मध्यरात्री संपतं. थोडं थोडं खाणारी आजी आणि फ्राइज खाणारी नात यांच्यासाठी मला तो परवडताना दिसत नाही. रोज पात्रांसोबत जेवणारे आणि मोठी ताटं मागवणारे असतील त्यांचं गणित वेगळं.

दहीबुत्ती
गणितवाला, ते वाढदिवसाचं वाचून लेकीला सांगितलं. ती म्हणाली मग मी तिथे नऊचीच सांगेन. आता तिच्या आजोबांनी तिला खरं बोलण्यावर अर्धा तास ऐकवलंय.

प्लॅन नाही घेत. दुपारचं एकच टेबल पटलं. पण सकाळ-संध्याकाळ?

आजीचा_डबा
सकाळ घरातून! बाहेरचं खाणं आत नेता येतं, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. काचेच्या बरण्या-बाटल्या नाहीत, दारू नाही, सुटा बर्फ नाही, तापवावं लागेल असं काही नाही. गार राहायला जेलच्या पुनर्वापराच्या पिशव्या चालतात. सुरक्षा तपासणीत पिशवी उघडून दाखवायची, बस.

आम्ही दशम्या, सुकी चटणी आणि शेंगदाण्याचे लाडू नेले होते. सासऱ्यांसाठी साडेबाराचा प्रश्नच मिटतो. चटणीचा डबा प्लास्टिकचा घ्या आणि वर रबर लावा. माझा स्ट्रोलरच्या खालच्या कप्प्यात उघडला, मुलीच्या टोपीला अजून वास येतो.

पाणी विकत घेऊ नका. ज्या काउंटरवर कोल्ड्रिंकचं मशीन असतं तिथे बर्फाच्या पाण्याचा पेला मागितला की फुकट देतात, काही घ्यावं लागत नाही. सहा पेले मागा, लाजू नका.

आणि चारही पार्कांत बाळांसाठी एक केंद्र असतं. गार, शांत, उंच खुर्च्या, सिंक आणि मायक्रोवेव्ह. मुलीला भरवायला मी रोज तिथे जायचे. सगळ्या पार्कात मला तीच जागा सगळ्यांत आवडली असं म्हटलं तर नवरा चिडतो.

नुसतावाचक
वाखुसा (वाचनखूण साठवली).

चटणीप्रेमी
शाकाहाराचं जरा तपशिलात लिहिते, कारण 'व्हेजिटेरियन' म्हटलं की काम झालं असं समजू नये. अंडं त्यांच्या हिशेबात शाकाहारात बसतं. शिवाय भातात कोंबडीचा रस्सा असू शकतो, बीन्समध्ये चरबी, गोड पदार्थात जिलेटिन. आमच्याकडे हे एका पार्कात, नाव नको, निम्मं खाऊन झाल्यावर कळलं. आई काही बोलली नाही, चमचा ठेवला आणि दिवसभर नुसती लिंबूपाण्यावर राहिली. ते मला आजही टोचतं.

तेव्हापासून एकच पद्धत. बुकिंग करताना ॲलर्जी आणि पथ्याच्या रकान्यात लिहायचं, आणि टेबलावर बसल्याबसल्या वेटरला सांगायचं: मांस नाही, मासे नाहीत, अंडं नाही, मांसाचा रस्साही नाही. चार गोष्टी, चार बोटं. बसून जेवायच्या जागी आचाऱ्याशी बोलायचं आहे म्हटलं तर बोलू देतात, आणि तो पाककृती बघून सांगतो. मेन्यूवर वनस्पतीजन्य पदार्थांना पानाची खूण असते. सासूबाईंना दूध-तूप चालतं, तरी ती खूण त्यांच्यासाठी सोयीची, कारण त्यात अंडं नक्की नसतं.

आता चांगली बातमी. अॅनिमल किंगडम लॉज नावाच्या हॉटेलात, किदानी व्हिलेजच्या बाजूला, सनाआ म्हणून रेस्टॉरंट आहे. आफ्रिकी जेवण पण त्यावर आपल्याकडच्या मसाल्यांची छाप. तिथे 'ब्रेड सर्व्हिस' मागवा. पाच प्रकारचे नान-कुलचे-पराठे आणि सोबत नऊ वाट्या: चिंचेची चटणी, कोथिंबिरीची, लसणाचं लोणचं, रायतं, असं करत करत. खिडकीबाहेर जिराफ आणि झेब्रे चरत असतात. अंधार पडायच्या आत जा, नाहीतर जिराफाचे पैसे देऊन काळोख बघाल. नानात अंडं आहे का ते विचाराच.

त्यासाठी पार्कचं तिकीट लागत नाही. येण्याच्या दिवशी करा, त्या दिवशी पार्क न घेता.

बसचुकली
वरच्या शेवटच्या ओळीला प्रचंड अनुमोदन. हॉटेलातलं रेस्टॉरंट आणि पार्कातलं रेस्टॉरंट यातला फरक बुकिंग करताना बघा! आम्ही एका दुपारचं टेबल धरलं, नाव वाचून वाटलं पार्कातच आहे. ते होतं दुसऱ्याच हॉटेलात. आधी पार्कच्या दारापर्यंत चालत, मग बस, बस वाटेत थांबत थांबत. पोचेपर्यंत पाऊण तास उशीर, पोरं रडकुंडीला, नवरा मौनात. जेवण उत्तम होतं म्हणे. मला चवच आठवत नाही.

मिकीचीआई
पात्रांसोबतच्या जेवणाबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून. दहा वर्षांच्या मुलीसाठी करा, पण धाकट्याचा विचार करून ठिकाण निवडा. दोन प्रकार असतात. राजकन्या म्हणजे माणसाचा चेहरा, पोरं घाबरत नाहीत. मिकी, प्लूटो, अस्वल म्हणजे मोठाल्ली फरची डोकी. लांबून बघून हात हलवणारं अडीच वर्षांचं पोर ते डोकं टेबलापाशी आलं की किंचाळतं. माझा टेबलाखाली गेला आणि तिथूनच पाव मागत राहिला. त्यांना हाताने 'थांबा' अशी खूण केली की मात्र ते लगेच मागे सरतात, हे मानलं पाहिजे.

एपकॉट पार्कात गार्डन ग्रिल बघा. अख्खं रेस्टॉरंट गोल फिरतं, इतकं सावकाश की आधी कळतच नाही. खाली 'लिव्हिंग विथ द लँड' या बोटीच्या राइडमधले देखावे दिसतात. पदार्थ टेबलावर आणून ठेवतात, बुफेच्या रांगेत ताट घेऊन फिरायला नको, म्हाताऱ्या माणसांना बरं. शाकाहारी वेगळं मागून घ्यायचं. सासऱ्यांना शेतीची आवड असेल तर आधी ती बोट करा, खरीखुरी हरितगृहं आहेत आत, आणि तिथला काही भाजीपाला या रेस्टॉरंटात वापरतात.

उभ्याउभ्या
मीही लिहून ठेवतो, पुढच्या वेळी आईबाबांना न्यायचंय. भटकभवानी, तुमचा 'बरं' अजून कानात आहे.

भटकभवानी
बरं. 😄

दहीबुत्ती
धागा वर काढतेय. जाऊन आलो! सगळ्यांचे आभार, खासकरून बाराच्या टेबलाबद्दल.

पहाटे सहाला मी आणि नवरा दोन फोन घेऊन बसलो होतो. पहिल्या दिवशीचं हवं ते मिळालं नाही, चौथ्या-पाचव्याचं पाच मिनिटांत. भटकभवानी म्हणाली तसंच.

आल्या दिवशी सनाआ. सासूबाईंनी नऊही वाट्या बोटाने चाखल्या, ताटाच्या कडेने क्रमाने मांडल्या आणि लसणाच्या लोणच्याला पहिला नंबर दिला. वेटरने अंड्याचं आचाऱ्याला विचारून एक प्रकार बदलून आणला. बाहेर जिराफ अगदी खिडकीपाशी आला, लेक ओरडली, आणि सासूबाई म्हणाल्या, "हो गं, बघते, आधी हे गार होतंय."

एपकॉटला बोट आणि गार्डन ग्रिल. सासरे बोटीत दोनदा बसले. रेस्टॉरंट फिरतंय हे त्यांना पटेना, मग त्यांनी टेबलावरून एक खूण धरली आणि घड्याळ लावून बसले. धाकटा प्लूटोला बघून माझ्या गळ्याला लटकला, खूण केल्यावर तो लांबूनच नाचून गेला. लेकीच्या ताटात शेवटी मॅकरोनीच. मोठ्या माणसाचे पैसे. गणितवाला, मी तुमची आठवण काढली.

तिसऱ्या दिवशी हॉलीवूड स्टुडिओजमध्ये फिफ्टीज प्राइम टाइम कॅफे. हे इथे कोणी सुचवलं नव्हतं, मीच आदल्या रात्री सुटलेलं टेबल धरलं. १९५० च्या दशकातलं घराचं स्वयंपाकघर, फॉर्मायकाची टेबलं, जुने टीव्ही, आणि वेटर घरातल्या मोठ्या माणसासारखे दटावतात. आमच्या वाट्याला आलेल्या बाई आल्याआल्या सासऱ्यांना म्हणाल्या, कोपरं टेबलावरून खाली. सासऱ्यांनी शाळेतल्या पोरासारखी झटकन काढली. लेकीला भाजी संपवल्याशिवाय गोड नाही असं बजावलं, आणि ऐका, तिने घेवड्याच्या सहा शेंगा खाल्ल्या. सहा. मी मोजल्या. सासूबाईंना इंग्रजी फारसं कळत नाही, पण त्यांनी माझ्या कानात सांगितलं, "अगदी माझ्या सासूबाई."

आणि तो पाऊस. चौथ्या दिवशी साडेबाराला ताटं पुढ्यात आली, एकला वीज कडाडली. बाहेर माणसं पिवळ्या रेनकोटात धावत होती, आत धाकटा स्ट्रोलरमध्ये गाढ. तो झोपलाय म्हणून आम्ही अजून एक कॉफी मागवली. नवऱ्याच्या शीटमध्ये त्या वेळी जी राइड होती ती बंदच पडली होती.

चुकलं ते एवढंच की शेवटच्या दिवशी 'आज टेबल नको, पैसे वाचवू' म्हणून ऐनवेळी बघू असं ठरवलं. बाराला ॲपवर एकचा कप्पा होता. सासऱ्यांचे हात थरथरायला लागले, लाडूंनी वाचवलं. आजीचा डबा, तुम्हाला साष्टांग.

आजीचा_डबा
अगं साष्टांग कसला. चटणी सांडली का?

दहीबुत्ती
दुसऱ्याच दिवशी. नवऱ्याच्या छापील शीटवर. 😂